शुक्रवारी पेटीत दोन होत्या

१

टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी साडेअकरा सेंटीमीटर लांब असते. त्या सोमवारी सकाळी काचेच्या पेटीत एक नळी अख्खी होती आणि दुसरीचे नऊ सेंटीमीटर शिल्लक होते. मी आधी ते मोजलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की पेटीत दोनाऐवजी एकच जर्बिल आहे. हा क्रम उलटा असायला हवा होता, हे मला मान्य आहे.

१९७७ सालचा फेब्रुवारी होता. थॉर्नक्लफची शाळा म्हणजे तीन वर्ग, एक स्वयंपाकघर, आणि डोंगरावरून येणारा वारा सर्वांत आधी अडवणारी काळ्या दगडांची भिंत. याच शाळेत मी अक्षरं गिरवली होती. पुढे लीड्सला प्राणिशास्त्र शिकले आणि वर्षभर शिकवून बघावं म्हणून परत आले. मला ज्यांनी पहिलं भिंग हातात दिलं, त्या मिसेस ब्रिअर्ली अजून त्याच मधल्या वर्गावर होत्या. एकतीस वर्षं. आता ती शाळा नाही, इमारतीत गालिच्यांचं दुकान आहे. पण ओल्या कोटांचा आणि लाकडाच्या भुशाचा वास एकत्र आला की मी आजही त्या वर्गात जाऊन उभी राहते.

टॉफी आणि मफिन या वर्गाने पाळलेल्या जर्बिल बहिणी होत्या. उंदराहून मोठ्या, खारीहून लहान, तपकिरी, शेपटीच्या टोकाला केसांचा झुबका. दर शुक्रवारी पेटी साफ व्हायची आणि मुलांनी घरून आणलेल्या चार नळ्या आत पडायच्या. सोमवारपर्यंत दोघी मिळून चारही नळ्यांचा चुरा करायच्या. मुलं तो हिशोब भिंतीवरच्या तक्त्यात मांडायची, आणि तक्त्यावर एकही सोमवार असा नव्हता की नळी उरली.

झाकण जागेवर होतं. त्यावरचे दोन जाड ॲटलासही जागेवर होते. जर्बिल पुठ्ठा कुरतडते, प्लॅस्टिक कुरतडते, हातभर उंच उडी मारते. पण बाहेर पडल्यावर झाकण लावून वर ॲटलास ठेवत नाही.

मी काच तपासली. तडा नव्हता. झाकणाची जाळी शाबूत होती. कोपऱ्यातलं घरटं नेहमीपेक्षा फुगीर होतं, कागदाच्या कपट्यांत काहीतरी तपकिरी, मऊ मिसळलेलं होतं. त्या घरट्यात टॉफी एकटीच बसली होती.

पेटीच्या कडेला सुतळीने बांधलेलं कार्ड होतं. शनिवार-रविवारच्या सुट्टीआधी मिसेस ब्रिअर्ली त्यावर नोंद करत. मोठ्या, ठसठशीत अक्षरात शेवटची ओळ होती : शुक्रवार, ३.२०. दोन. डी. बी.

"म्हणजे कुणीतरी झाकण उघडलं, मफिनला उचललं आणि सगळं होतं तसं लावून ठेवलं," मुख्याध्यापक मिस्टर ओल्डरॉइड म्हणाले.

मागून स्वयंपाकीणबाईंचा आवाज आला. "आणि ते कोण, ते मी सांगते."

२

मिसेस क्रॅबट्री जे सांगायचं ते कमरेवर हात ठेवून सांगत.

"शाळा सुटल्यावर ती नवी पोर मागे फिरली. वेल्सची ती, प्रोथेरोंची ग्लेनिस. वर्गात एकटी गेली, पाच मिनिटांनी बाहेर आली. एक हात कोटाच्या खिशात, असा घट्ट. मी म्हटलं, काय गं, खिशात काय आहे? तर पळालीच."

"तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"मग काय शेजारणीने पाहिलं? पुडिंगची भांडी घासत होते मी, खिडकीतूनच दिसतं सगळं."

ग्लेनिस नऊ वर्षांची होती. नाताळनंतर आली होती, आणि तिच्या बोलण्याची नक्कल करणं हा तोवर मुलांचा खेळ झाला होता. सोमवारी दुपारपर्यंत त्यांना दुसरा, सोपा खेळ सापडला. जेवणाच्या टेबलावर तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पाण्याचा जग तिच्यासमोरून फिरला तेव्हा एक मुलगा म्हणाला, "जग सांभाळा रे, तोही खिशात जाईल."

मिस्टर ओल्डरॉइड वाईट माणूस नव्हते, पण त्यांना गोष्टी आठवडा संपायच्या आत मिटलेल्या आवडत. "बुधवारी तिच्या आईला बोलावलंय," ते म्हणाले. "तोपर्यंत तिनं कबूल केलं तर ठीक. नाहीतर मला वर कळवावं लागेल, आणि ते तिच्या नावापुढे कायमचं राहील."

"ती पोर तशी नाही, वॉल्टर," मिसेस ब्रिअर्ली म्हणाल्या. बोलताना त्या नेहमीप्रमाणे समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता कानाकडे पाहत होत्या. लहानपणी आम्हाला त्यांची नजर थेट लागायची. मी परत आले तेव्हा ही नवी लकब मला दिसली होती. म्हातारपणी माणसं लाजरी होतात, असं मी ठरवून टाकलं होतं.

"तशी नसेल, डॉरोथी. पण तुम्हीच मोजल्यात ना? तीन वीसला दोन?"

"मोजल्या." त्यांनी किटली उचलली, कपाच्या काठावरून एक बोट आत वाकवलं आणि चहा बोटाला लागेपर्यंत ओतला. "दोन होत्या."

त्या दोन शब्दांवर ग्लेनिसचं सगळं अडलं होतं.

३

मी आधी शनिवार-रविवारवर संशय घेतला. शाळेच्या किल्ल्या दोघांकडे असत : मिसेस क्रॅबट्री आणि शाळेची देखभाल करणारे मिस्टर सग्डन.

"मांजर आहे का तुमच्याकडे?" मी मिसेस क्रॅबट्रींना विचारलं.

"आहे. आणि ते हॅम खातं. तुमच्यासारख्या शिकलेल्या बायकांना वाटतं गरिबाची मांजरं उंदरांवर जगतात."

मिस्टर सग्डन शिडीवर होते. "मी शनिवारी आलो होतो. बॉयलर नीट चालतोय ना बघायला. शुक्रवारी सकाळी बंद पडला होता, आठवतंय ना? सगळी पोरं दिवसभर कोट-हातमोज्यांत. दुपारी पावणेतीनला सुरू केला तेव्हा कुठं जीव आला."

"वर्गात गेला होतात?"

"वर्गात कशाला जाऊ? मला तुमच्या त्या उड्या मारणाऱ्या उंदरांचं काय करायचंय? बॉयलरच्या खोलीत मी उंदीर मारायला सापळे लावतो, पाळायला नाही."

शब्दाला शब्द. मला नळ्यांचा शब्द अधिक भरवशाचा वाटला. मी टॉफीला चार नव्या नळ्या दिल्या आणि चोवीस तासांनी मोजल्या. एकट्या टॉफीने साडेनऊ सेंटीमीटर पुठ्ठा संपवला होता. मग मी सोमवारचा उरलेला पुठ्ठा वजा केला. शुक्रवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत पंचवीस सेंटीमीटरांच्या वर थोडं गेलं होतं. म्हणजे दिवसाला सव्वानऊ. एका जर्बिलचं काम, अगदी पहिल्या दिवसापासून.

मी पेन्सिल खाली ठेवली. शनिवार-रविवार सुटला. मिसेस क्रॅबट्री सुटल्या, सग्डन सुटले. मफिन शुक्रवारी संध्याकाळ होण्यापूर्वीच गेली होती. आणि कार्डावरच्या तीन वीसनंतर पेटीजवळ एकटं गेलेलं माणूस एकच होतं.

माझं मोजमाप बरोबर होतं, आणि ते ग्लेनिसला वाचवायच्या ऐवजी थेट तिच्याकडे बोट दाखवत होतं.

४

मंगळवारी सकाळच्या सुट्टीत ती भिंतीला पाठ लावून उभी होती. एक हात खिशात, दुसऱ्या हातात तपकिरी लोकरीचा, फक्त अंगठा वेगळा असलेला हातमोजा.

मी तिच्या शेजारी भिंतीला टेकले. "दुसरा कुठे आहे?"

तिने मोजा मुठीत आवळला.

"आईनं विणलाय?"

"नाही. नाननं." नान म्हणजे तिची वेल्समधली आजी. "आई म्हणाली, हरवलास तर नानला पत्र लिहून तूच सांगायचं."

"शुक्रवारी तू तोच शोधायला परत गेलीस?"

तिने बुटाच्या टोकाने जमिनीवरचा बर्फ उकरला. "सापडला होता, मिस. पेटीत होता. भुशावर."

"मग काढला का नाहीस?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी मूर्खासारखं विचारलंय. "एकटं असताना झाकणाला हात लावायचा नाही. भिंतीवर लिहिलंय."

मला घरट्यातलं ते तपकिरी, मऊ आठवलं. मी पळत वर्गात गेले, चिमट्याने एक धागा काढला, परत येऊन तिच्या हातातल्या मोज्याशी जुळवला. एकच लोकर. टॉफीने तीन रात्रींत मोजा पिंजून अंथरूण केलं होतं. आणि मिसेस क्रॅबट्रींनी पाहिलेल्या घट्ट खिशात काय होतं, तर एक गारठलेला उघडा हात.

"मोजा आत पडला कसा?"

"साफसफाईच्या वेळी. मी मिसेस ब्रिअर्लींसाठी पोत्याचं तोंड धरलं होतं ना, म्हणून मोजे काढून पेटीच्या काठावर ठेवले. त्यांनी जुना भुसा पोत्यात ओतला. मग नवा टाकला. तेव्हा पडला असेल."

"त्यांना दिसला नाही?"

"नाही. मलासुद्धा घरी निघताना कळलं, एकच मोजा आहे ते."

"आणि परत गेलीस तेव्हा पेटीत किती होत्या, ग्लेनिस?"

"एक. मला वाटलं दुसरी आत झोपलीय." तिचा आवाज खाली गेला. "मी सरांना सांगितलं असतं. पण कार्डावर दोन लिहिलंय. मिसेस ब्रिअर्ली चुकत नाहीत."

जुना भुसा पोत्यात. जर्बिल दुपारी घरट्यात खोल घुसून झोपतात. साफसफाईच्या वेळी मिसेस ब्रिअर्ली झोपलेल्या दोघींना एका नव्या नळीत घेऊन बादलीत ठेवत, आणि नळीच्या दुसऱ्या तोंडातून एखादी परत घरट्यात सटकणं काही अवघड नव्हतं. ते बघायचं असतं, एवढंच.

"ते पोतं कुठे गेलं?" मी विचारलं. "मिस्टर सग्डन नेतात," ती म्हणाली, आणि मला त्यांचे बॉयलरच्या खोलीतले सापळे आठवले.

५

"कांद्यांसाठी नेतो मी ते," मिस्टर सग्डन म्हणाले. "जर्बिलचा भुसा घातला की कांदा हा एवढा होतो. गेल्या वर्षी पहिलं बक्षीस घेतलंय. पण बर्फामुळे मळ्यावर जाणं झालं नाही, तर पोतं अजून बॉयलरपाशीच पडलंय."

"कधी उचललंत?"

"बॉयलर सुरू केला, हात धुतले, पोत्याचं तोंड बांधलं, नेलं. वर्गात गाणं चाललं होतं. म्हणजे तीन."

पोत्याच्या खालच्या कोपऱ्यात शिलिंगच्या नाण्याएवढं भोक होतं.

"ते उंदरांनी पाडलंय," सग्डन म्हणाले. "सापळे म्हणूनच तर वाढवले."

मी वाकून पाहिलं. कुरतडलेले धागे बाहेरच्या बाजूला वळले होते. ज्याने कुणी भोक पाडलं, ते आतून पाडलं होतं.

"सापळे किती, मिस्टर सग्डन?"

"पाच." त्यांचा चेहरा उतरला. ते गुडघ्यांवर बसले आणि एकेक सापळा काठीच्या टोकाने उडवत गेले. एक, दोन, तीन, चार. पाचवा कोळशाच्या ढिगामागे होता, आणि तो आधीच उडालेला होता. पट्टीखाली काही नव्हतं. चीजही नव्हतं.

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "हुशार आहे हो तुमची."

"धावायचं नाही," मी म्हटलं. "पाठलाग केला तर भिंतीत घुसेल. आणि शेपटी अजिबात धरायची नाही, तिची साल निघून हातात येते."

दाराखालची फट आम्ही फळीने बंद केली. मिसेस क्रॅबट्रींकडून पीठ मागितलं. त्या स्वतः चहाची गाळणी घेऊन आल्या आणि "मी फक्त पीठ वाया जाऊ नये म्हणून" असं म्हणत जमिनीवर पातळ थर पसरून गेल्या. चार कोपऱ्यांत मी सूर्यफुलाच्या दहा-दहा बिया ठेवल्या, आणि आम्ही जेवणाच्या सुट्टीभर खोली बंद ठेवली.

परत आलो तेव्हा पिठात बोटाच्या पेराएवढे ठसे होते, मध्ये शेपटीची रेघ. कोळशापाशी दहापैकी सहा बिया उरल्या होत्या.

मी टॉफीला छोट्या पिंजऱ्यात घालून तिथेच जमिनीवर ठेवलं. शेजारी घरट्यातले कपटे भरलेली एक नळी. मग मी आणि सग्डन दोन उलट्या बादल्यांवर बसून राहिलो. अर्ध्या तासाने टॉफीने मागचे पाय जमिनीवर आपटायला सुरुवात केली. टकटक, टकटक. त्यांच्यात धोका कळवायची ती रीत आहे, पण कधीकधी मला वाटतं ते नुसतं "मी इथे आहे" असं सांगणं असावं. कोळशामागून उत्तर आलं. टकटक.

सग्डननी माझा दंड घट्ट धरला. काळवंडलेली, मिशांना काजळी लागलेली मफिन भिंतीच्या कडेने आली, टॉफीच्या जाळीला नाक लावून थांबली, आणि ओळखीचा वास घेत नळीत शिरली. मी दोन्ही तळहात नळीच्या दोन्ही तोंडांवर ठेवले. आतून हृदयाची धडधड पुठ्ठ्याला लागत होती.

"देवा रे," सग्डन म्हणाले. "कांद्यांची शपथ, पुन्हा पोतं बघितल्याशिवाय बांधणार नाही."

चार दिवस वेगळ्या राहिलेल्या बहिणी एकमेकींना परक्या समजून जीव घेईपर्यंत भांडतात, म्हणून पेटीच्या मध्ये जाळी उभी केली. रोज दोघींच्या बाजू बदलायच्या, आठवडाभर, एकमेकींच्या वासाची सवय होईपर्यंत.

जाळी बसवताना माझे हात आपोआप चालत होते. पोतं तीन वाजता बांधलं गेलं, मफिन आत होती. मग तीन वीसला पेटीत दोन कोण होतं?

एक टॉफी. आणि एक तपकिरी, उंदराएवढा, लोकरीचा ढीग.

मोजा पडलेला न दिसणं. चहात बोट. हजेरी मुलांकडून मोठ्याने वाचून घेणं, "तुमचा सराव होतो" म्हणून. कानाकडे पाहणं, कारण समोरचं मधोमध दिसत नाही, कडेनेच दिसतं. मी सगळं पाहिलं होतं, आणि एकदाही एकत्र ठेवून पाहिलं नव्हतं.

६

बुधवारी सकाळी मी त्यांच्यासमोर चहा ठेवला. कप भरलेला होता.

"मफिन सापडली," मी म्हणाले.

"ऐकलं. सग्डन गावभर सांगत सुटलाय." त्या हसल्या. "कुठे होती?"

"पोत्यात."

त्यांचं बोट कपाच्या काठापाशी थांबलं. बाहेर मुलं बर्फ उडवत होती. कुणीतरी "ग्लेनिसला घ्यायचं नाही" असं ओरडलं.

"पोतं तर तीनला गेलं," त्या हळू म्हणाल्या.

"हो."

"मग मी..." त्या थांबल्या. मी ग्लेनिसकडून मागून आणलेला, उरलेला हातमोजा खिशातून काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला, आकार जोखला, वजन जोखलं. लहानपणी त्या आम्हाला दगड असेच हातात घ्यायला लावत. मग त्यांनी तो परत दिला.

साडेतीनला मिस्टर ओल्डरॉइडच्या खोलीत ग्लेनिसची आई कोटाची बटणं न काढता बसली होती. ग्लेनिस तिच्याजवळ उभी होती. मी नळ्यांचा हिशोब मांडला, पोत्याचं भोक सांगितलं, हातमोजा टेबलावर ठेवला.

मिस्टर ओल्डरॉइडनी शांतपणे ऐकून घेतलं. "मिस हिंचक्लिफ, सग्डन घड्याळ लावत नाही. तीन म्हणतो, ते साडेतीनही असेल. घाबरून पोरीनं ती बॉयलरच्या खोलीत सोडली असेल, तिथून पोत्यात शिरली असेल. मी कुणाचं वाईट चिंतत नाही. पण एका बाजूला सग्डनचा अंदाज आणि दुसऱ्या बाजूला हे." त्यांनी कार्ड उचललं. "एकतीस वर्षांत डॉरोथीची एक नोंद चुकलेली मी पाहिली नाही. तू विज्ञान शिकलीस. तूच सांग, त्या वेळी पेटीत दोन होत्या की नव्हत्या?"

ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला माहीत होतं. ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि त्या वाक्यात मिसेस ब्रिअर्लींचं सगळं गेलं असतं. मी तोंड उघडलं.

"थांब, पोरी," दाराजवळून मिसेस ब्रिअर्ली म्हणाल्या. "तो प्रश्न माझा आहे. कार्ड दे, वॉल्टर."

त्यांनी कार्ड हातात घेतलं. समोर धरलं. मग डावीकडे, मग आणखी डावीकडे, डोळ्याच्या कोपऱ्यापाशी.

"मी काय लिहिलंय ते मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "पण वाचता येत नाही. शुक्रवारी मला भुशावर दोन तपकिरी डाग दिसले आणि मी दोन लिहिले. एक टॉफी होती. दुसरा याच्या जोडीचा मोजा. मफिनला मीच पोत्यात ओतलं, माझ्या हातांनी."



"डॉरोथी," मिस्टर ओल्डरॉइड म्हणाले, "हे कधीपासून?"

"डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं. दर सुट्टीत ठरवते की तुला सांगायचं. आणि दर सत्राच्या पहिल्या दिवशी हजेरीचं पुस्तक उघडून बसते." त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, काठ चाचपून, सरळ. मग त्या ग्लेनिसकडे वळल्या, तिच्या कानापाशी कुठेतरी पाहत. "तुझा मोजा आत दिसत होता, तरी तू झाकणाला हात लावला नाहीस. नियम माझा होता, पाळलास तू. उद्या सकाळी सगळ्या शाळेसमोर मी हे सांगणार आहे, आणि तू माझ्या शेजारी उभी राहायचंस. चालेल?"

ग्लेनिसने मान हलवली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण ती मोठ्याने म्हणाली, "हो, मिस."

मिसेस ब्रिअर्लींनी हातमोजा उचलून तिच्या तळव्यावर ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, पण त्यांचा हात बाजूला आला आणि माझ्या बाहीवर थांबला.

"आणि वॉल्टर, दुसरं कुणीतरी शोधायला लाग," त्या म्हणाल्या. "ईस्टरनंतर मी वर्गावर येणार नाही."